मैत्री जमेल असं उन्हाळी शिबिर कसं आखावं

शिबिराच्या वेळापत्रकात 'मैत्रीचं महत्त्व' या विषयावर व्याख्यान असेल, तर आधी ते काढून टाका. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना मैत्रीचं मोल आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्यांची अडचण वेगळी असते: नव्या माणसाशी बोलायला सुरुवात कुठून करायची, जेवायला कुणाशेजारी बसायचं, आपण यांना नकोसे तर नाही ना? ही अडचण भाषणाने सुटत नाही, व्यवस्थेने बरीचशी सुटते. कोण कुणाशेजारी झोपतं, कोण कुणाबरोबर भांडी घासतं, दिवसात मोकळा वेळ किती मिळतो, यावर बरंच काही ठरतं.

पुढचं सगळं तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या, आठवडाभराच्या निवासी शिबिराला धरून लिहिलं आहे. वाचक म्हणून डोळ्यांसमोर आहेत आयोजक आणि स्वयंसेवक ताई-दादा. पालकांसाठी मधे एक भाग आहे, तो त्यांनी जरूर वाचावा.

आधी तास मोजा

कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या गावी राहायला गेलेली मोठी माणसं आणि विद्यापीठात नुकतेच दाखल झालेले विद्यार्थी यांना त्यांनी विचारलं, की नव्या ओळखीच्या माणसाबरोबर किती वेळ घालवलात आणि नातं कुठवर आलं. उत्तर साधारण असं निघालं: जुजबी मैत्रीला ५० तास, खऱ्या मैत्रीला ९०च्या आसपास आणि जिवलग मैत्रीला २००हून जास्त. त्यातही एकाच वर्गात किंवा एकाच कचेरीत शेजारी बसून गेलेल्या तासांचा फारसा उपयोग होत नव्हता. टवाळक्या, खेळ, निवांत गप्पा यांत गेलेले तास कामी येत होते.

आता शिबिराचा हिशोब करा. मूल दिवसाला पंधराएक तास जागं असतं. तीन दिवसांचे झाले पंचेचाळीस, सहा दिवसांचे नव्वद. म्हणजे दोन-तीन दिवसांच्या शिबिराकडून मैत्रीची अपेक्षा धरू नये, तिथे ओळखी होतात आणि तेवढ्यावर समाधान मानावं. आठवडाभरात मैत्री होऊ शकते, पण ते नव्वद तास त्याच त्या माणसांबरोबर गेले तरच. 'सगळ्यांची सगळ्यांशी ओळख व्हावी' म्हणून दर सत्राला नवे गट पाडायची हौस अनेक आयोजकांना असते. त्याने मुलांना चाळीस नावं पाठ होतात आणि रात्री मनातलं बोलायला एकही माणूस सापडत नाही. मूळ गट एकदा पाडला की शेवटच्या दिवसापर्यंत तोच ठेवायचा.

गट किती जणांचा, कुणाकुणाचा

१९०७च्या ऑगस्टमध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर आठवडाभराचं शिबिर घेतलं. स्काउट चळवळीची सुरुवात तिथून मानतात. ईटन, हॅरोसारख्या श्रीमंती शाळांतली मुलं आणि जवळपासच्या गावांतली कामगार कुटुंबांतली मुलं त्यांनी एकत्र आणली आणि पाच-पाच जणांचे गट केले. प्रत्येक गटात दोन्हीकडची मुलं होती आणि गटाचा प्रमुख त्यांच्यातलाच एक मुलगा होता. शंभर वर्षं उलटून गेली तरी या मांडणीत फारसं सुधारण्यासारखं काही नाही.

माझ्या मते सहा ते आठ हा आकडा बरा. पाचांच्या खाली गेलात तर एक जण आजारी पडला की गट लंगडा होतो, आणि नऊ-दहा झाले की आतल्या आत दोन टोळ्या पडतात. वयातला फरक दोन वर्षांपेक्षा जास्त नको. तेराव्या आणि सतराव्या वर्षाचं विश्व निराळं असतं.

नावनोंदणीच्या अर्जात एक प्रश्न घाला: 'ओळखीचं कुणी येत असेल आणि त्यांच्याबरोबर गटात राहायचं असेल, तर एक नाव लिहा.' एकच नाव. ज्याला सोबत हवी आहे त्याला ती मिळाली की त्याचा धीर टिकतो आणि तो इतरांशी मोकळेपणाने बोलतो. एकाच शाळेतले तिघे-चौघे एका गटात आले मात्र, की बाकीचे पाहुणे होऊन बसतात. अशी चौकडी निर्दयपणे फोडावी. पहिल्या दिवशी तोंडं वाकडी होतील, पालकांचे फोनही येतील. ऐकून घ्या, पण बदलू नका.

झोपायच्या जागा आयोजकांनी ठरवाव्यात

ही बाब किरकोळ समजून मुलांवर सोडली जाते, म्हणून जरा विस्ताराने. फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक या तिघा संशोधकांनी १९५० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थी वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे घरं निवडून मिळत नसत, जे रिकामं होईल ते घ्यायचं. एकाच मजल्यावर अगदी शेजारच्या दारात राहणाऱ्यांपैकी ४१ टक्के लोक एकमेकांना जवळचे मित्र म्हणत होते. मधे एक दार आलं की हे प्रमाण २२ टक्क्यांवर येई आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत १० टक्क्यांवर. अंतर किती, तर काही पावलांचं. स्वभाव, आवडीनिवडी या गोष्टी नंतरच्या.

खोलीत किंवा तंबूत पळत जाऊन जागा पकडायची मुभा दिलीत, तर ओळखीची मुलं एकत्र होतात आणि एकटं आलेलं मूल दाराजवळच्या किंवा कोपऱ्यातल्या अंथरुणावर जातं. मग आठवडाभर त्याचं तेच होतं. म्हणून नावांच्या चिठ्ठ्या आधीच लावून ठेवा. एकट्याने येणाऱ्या मुलाला मधली जागा द्या, दोन्ही बाजूंना शेजारी असतील अशी. बुजऱ्याशेजारी शिबिरातला सर्वांत बोलका मुलगा ठेवायचा मोह टाळा, तो फक्त स्वतःच बोलतो. मध्यम बोलणारा, थोडा चौकस शेजारी हवा. मुलींच्या खोल्यांतही हाच नियम. जेवणाच्या जागाही पहिले दोन दिवस ठरवून द्या, तिसऱ्या दिवसापासून मोकळ्या सोडा.

पहिली संध्याकाळ: हातांना काम द्या

सगळ्यांना गोलात बसवून 'नाव, शाळा, छंद सांगा' हा प्रकार चाळीस जणांच्या गटात वाया जातो. आपली पाळी येईपर्यंत मूल मनातल्या मनात आपलंच वाक्य घोकत असतं आणि पाळी झाल्यावर सुटलो म्हणून गप्प बसतं. दुसऱ्याचं नाव कुणी ऐकतच नाही.

त्यापेक्षा दोघादोघांना एक तंबू द्या आणि उभा करायला सांगा. मदतीला जाऊ नका. एकाने खांब धरलाय, दुसरा समोरच्या कोपऱ्यातली दोरी ताणतोय, खुंटी जमिनीत नीट गेलेली नाही. 'सोडू नकोस', 'अरे तिकडून ओढ', 'थांब, थांब, उलटा लागलाय हा' असं करत दहा मिनिटांत दोघं एकमेकांवर ओरडायला लागतात. नाव विचारायचं राहूनच गेलेलं असतं, ते तंबू एकदा कोसळल्यावर विचारलं जातं. नजरेला नजर न देता, हातातल्या कामाकडे बघत बोलायला या वयाच्या मुलांना सोपं जातं. तंबू नसतील तर सामान उतरवणं, शेकोटीची लाकडं रचणं, पाण्याची पिंपं भरणं, काहीही चालेल. काम एकट्याला न जमणारं असावं, एवढंच.

खोलवरच्या गप्पांची घाई पहिल्या दिवशी नको. आर्थर अ‍ॅरन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन अनोळखी माणसांना ३६ प्रश्नांची यादी दिली होती. प्रश्न साध्यापासून सुरू होऊन हळूहळू खासगी होत जात, प्रत्येक प्रश्नाला दोघांनीही उत्तर द्यायचं. पाऊण तासात त्या जोड्यांना नुसत्या वरवरच्या गप्पा मारलेल्या जोड्यांपेक्षा जास्त जवळीक वाटू लागली. यातून शिबिरासाठी घ्यायच्या गोष्टी दोन: हळूहळू खोल जाणारे प्रश्न आणि दोघांनीही उत्तर देणं. तिसऱ्या-चौथ्या रात्री गटापुरते असे सात-आठ प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून द्या, 'पुढे' म्हणायची मुभा ठेवा आणि ताई-दादांनीही उत्तरं द्यावीत. पण 'आयुष्यातला सर्वांत दुःखद प्रसंग सांगा' असलं काही शेकोटीभोवती सर्वांसमोर करू नका. रडारड होते, आयोजकांना शिबिर यशस्वी झाल्यासारखं वाटतं आणि बोलून गेलेलं मूल दुसऱ्या दिवशी सगळ्यांची नजर चुकवत फिरतं.

स्पर्धा कधी, खरं काम कधी

१९५४च्या उन्हाळ्यात मुझफ्फर शेरीफ यांनी ओक्लाहोमातल्या रॉबर्स केव्ह इथे शिबिराच्या निमित्ताने एक प्रयोग केला. अकरा-बारा वर्षांची २२ मुलं, एकमेकांना अनोळखी, दोन गटांत वेगवेगळी ठेवलेली. आधी गटागटात दोस्ती होऊ दिली, मग दोन गटांत बक्षिसांसाठी सामने लावले. बघता बघता शिवीगाळ, झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी. नंतर त्यांना एकत्र जेवायला बसवलं, तर ताटातलं अन्न एकमेकांवर फेकलं गेलं. निवळलं कधी, तर पाण्याची टाकी बंद पडली आणि दोन्ही गटांना मिळून बिघाड शोधावा लागला तेव्हा. बंद पडलेला ट्रक सगळ्यांनी मिळून दोराने ओढला तेव्हा. परतताना मुलांनी एकाच बसमधून जायचं ठरवलं.

या प्रयोगावर पुढे टीका झाली. मुलांना न सांगता त्यांच्यावर प्रयोग करणं आज कुणी मान्य करणार नाही. पण त्याच्या आदल्या वर्षीचा फसलेला प्रयत्न शिबिरवाल्यांनी जास्त लक्षात ठेवावा. १९५३ मध्ये शेरीफ यांनी मुलांना आधी एकत्र राहू दिलं होतं आणि नंतर गट पाडले होते. काही केल्या ती मुलं एकमेकांविरुद्ध उठेनात. संशोधकाचा प्रयोग फसला, पण आपल्याला क्रम सापडला: मूळ गट तेच ठेवून आधी दोन दिवस सर्वांची सरमिसळ, सामने त्यानंतर. गटवार गुणतक्ता भिंतीवर लावायची पद्धत मला मुळीच पसंत नाही. सामने खेळा, ओरडा, जिंका, पण गुण त्या संध्याकाळीच पुसून टाका.

सामन्यांपेक्षा जास्त वेळ खऱ्या कामाला द्या. खरं म्हणजे न केल्यास अडेल असं. स्वयंपाकघरात पाळी, पाणी भरणं, ओढ्यावर दगडांची वाट करणं. सजावटीची कामं मुलं लगेच ओळखतात. भांडी घासायच्या पाळीला तर तोड नाही: एक घासतो, एक विसळतो, एक पुसतो, अर्धा तास कुणाला कुठे जाता येत नाही आणि शिक्षकांबद्दलच्या सगळ्या तक्रारी तिथे निघतात. पाळी शिक्षा म्हणून कधीही लावू नका. एकदा लावलीत की तिची गंमत संपली.

कामाची विभागणी करताना एलियट अ‍ॅरन्सन यांची युक्ती वापरा. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नुकतंच एका वर्गात आणलं होतं आणि वर्गात तणाव होता. अ‍ॅरन्सन यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा दिला. पूर्ण धडा हवा असेल, तर प्रत्येकाचं ऐकण्यावाचून गत्यंतर नाही. शिबिरात हे पायवाट शोधण्याच्या खेळात छान बसतं. सकाळी प्रत्येक गटातून एकेक जण वेगळ्या कोपऱ्यात शिकायला जातो: एक होकायंत्र, एक नकाशातल्या खुणा, एक पावलांवरून अंतर मोजणं, एक प्रथमोपचार, एक दोरीच्या गाठी. तासाभराने सगळे आपापल्या गटात परत आणि गट निघाला. आता होकायंत्र कळणारा एकच आहे आणि तो कदाचित कालपर्यंत तोंडही न उघडलेला मुलगा आहे. त्याला विचारावंच लागतं. विषय कुणाला द्यायचा हे चिठ्ठ्यांनी ठरलंय असं दाखवा, पण ठरवा तुम्हीच.

रिकामा वेळ, झोप, फोन

दिवसात सलग दीड तास असा ठेवा, की ज्यात काहीही नाही. आयोजकांना हा वेळ फार खुपतो. पालकांनी पैसे भरलेत, मुलं नुसती झाडाखाली लोळतायत! लोळू द्या. हॉल यांच्या अभ्यासातले कामी येणारे तास ते हेच. चेंडू, पत्ते, बुद्धिबळाचा पट जवळपास पडलेला असावा, सूचना मात्र कुणी देऊ नये.

पहाटे पाचची शिट्टी ही शिस्तीची खूण मानली जाते. कुमारवयात झोपेची वेळ शरीरातूनच पुढे सरकते आणि या वयाला ८ ते १० तास झोप लागते. रात्री अकराला झोपलेल्या मुलांना पाचला उठवलंत, की तिसऱ्या दिवसापासून चिडचिड, भांडणं आणि दुखापती वाढणार. सातला उठवा.

फोन पहिल्या दिवशी गोळा करून शेवटच्या दिवशी द्यावेत. २०१४ मध्ये याल्डा उल्स आणि सहकाऱ्यांनी सहावीतल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच दिवस फोन-टीव्हीच्या पडद्याविना निसर्गशिबिरात राहिलेल्या मुलांना चेहऱ्यांवरचे आणि हावभावांतले भाव आधीपेक्षा बरे ओळखता येऊ लागले, घरी राहिलेल्या मुलांपेक्षा त्यांची प्रगती जास्त होती. हा नियम नोंदणीच्या वेळीच लेखी कळवा आणि ताई-दादांनाही लावा. मुलांचे फोन कपाटात आणि दादाचा हातात, हे एका दिवसात नियम मोडायला पुरेसं आहे.

पालकांसाठी: घरची आठवण

घरची आठवण येणं हा आजार नाही. बहुतेक मुलांना ती थोडीफार येतेच, सोळा वर्षांच्यांनाही. निघताना पालक प्रेमाने एक वाक्य बोलतात: 'नाही आवडलं तर सांग, लगेच न्यायला येतो.' या विषयावर वर्षानुवर्षं काम केलेले मानसतज्ज्ञ ख्रिस्तोफर थर्बर हे वचन देऊ नका असं बजावतात. त्यातून मुलाला कळतं, की आपण निभावू शकू असं घरच्यांनाही वाटत नाही. शिवाय पहिली अवघड रात्र आली की ते सुटकेचीच वाट बघू लागतं. त्याऐवजी शिबिराच्या आधी एक-दोन रात्री नातेवाइकांकडे एकट्याने राहायला पाठवा. सोबत पत्रं द्या. पत्रात घरी काय मजा चाललीय ते नको, त्याच्या तिथल्या दिवसांबद्दल विचारा. रोजचा फोन मागू नका, आवाज ऐकला की दबलेली आठवण उसळून वर येते. मात्र औषधं, दमा, अ‍ॅलर्जी, झोपेत चालणं यांतलं काहीही लपवू नका.

एकटं पडलेलं मूल

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्या ताई-दादांनी पंधरा मिनिटं बसावं आणि यादीतल्या प्रत्येक नावापुढे सांगावं, की हे मूल आज मोकळ्या वेळात कुणाबरोबर होतं. ज्या नावापाशी सगळे गप्प होतात, ते तुमचं मूल. दंगा करणारे आपोआप दिसतात, हे दिसत नाहीत. खुणा बारीक असतात: जेवण सर्वांत आधी संपवणं, सतत मोठ्यांच्या आसपास मदतीला राहणं, 'डोकं दुखतंय' म्हणून खोलीत थांबणं, बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधत मागे रेंगाळणं.

अशा मुलाला घेऊन सर्वांसमोर 'याला कोण खेळायला घेणार?' असं विचारणं म्हणजे क्रूरपणा आहे. त्याला दोघांचं काम द्या आणि दुसरा तुम्ही निवडा. 'तू आणि ती जाऊन दोऱ्या मोजून आणा' एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दोघांना. तिसऱ्यांदा बहुतेक सांगावं लागत नाही.

एकांतात त्याच्याशी बोलाल तेव्हा उपदेशाऐवजी एक माहिती द्या. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं, की दोन अनोळखी माणसं बोलून झाल्यावर, आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज बहुतेक जण खऱ्यापेक्षा कमीच करतात. 'त्यांना मी आवडत नाही' ही त्या मुलाची खात्री बऱ्याचदा अशीच चुकलेली असते. हे ऐकून पंधरा वर्षांचं मूल 'खरंच?' म्हणतं, आणि तेवढं पुरतं.

काही मुलांना मात्र एकटं राहणं मनापासून आवडतं. पुस्तक घेऊन बसलेली मुलगी हाक मारल्यावर हसून येत असेल आणि मग परत पुस्तकाकडे जात असेल, तर तिला सोडा.

चिडवणं आणि छळ यांत फरक करा. दोघं एकमेकांना चिडवत असतील तर कान उघडे ठेवून दूर राहा. नेहमी एकाच्याच वाट्याला येत असेल, किंवा हसणाऱ्यांत तो स्वतः नसेल, तर त्याच दिवशी थांबवा, दोन्ही बाजूंशी वेगवेगळं बोला आणि 'हात मिळवा' हा समारंभ करू नका.

सुरक्षिततेचे नियम मैत्रीच्याही उपयोगाचे

कोणताही मोठा माणूस एकट्या मुलाबरोबर इतरांच्या नजरेआड थांबणार नाही, बोलायचं तर उघड्यावर, दिसेल अशा जागी. हा नियम पहिल्या दिवशी मुलांनाही सांगा. पाण्यात उतरताना जोडीदार पद्धत वापरा: ठरावीक वेळाने शिट्टी वाजली की प्रत्येकाने जोडीदाराचा हात धरून वर करायचा, जोडी अपुरी दिसली की सगळे पाण्याबाहेर. जीवरक्षक असला तरीही. जोड्या ताईने ठरवाव्यात आणि रोज बदलाव्यात, म्हणजे गटाबाहेरच्या एकाचा हात धरायची वेळ प्रत्येकावर येते. लाजतात, पण सोडत नाहीत.

यश कशात मोजायचं

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात 'सीड्स ऑफ पीस' हे शिबिर सुरू झालं. इस्रायली आणि पॅलेस्टिनी किशोर तिथे एकत्र राहत. ज्युलिआना श्रोडर आणि जेन रायसन यांनी तिथल्या मुलांचा पाठपुरावा केला. समोरच्या बाजूचा निदान एक जवळचा मित्र ज्यांना मिळाला होता, त्यांची त्या समाजाकडे बघण्याची दृष्टी इतरांपेक्षा जास्त बदललेली आढळली. तर मोजायचं ते एवढंच. शेवटच्या दिवशी प्रत्येकाला कोऱ्या चिठ्ठीवर एक प्रश्न द्या: 'इथे भेटलेल्यांपैकी कुणाशी पुढच्या महिन्यात बोलायला आवडेल?' नावं कुणाला दाखवायची नाहीत. कुणाचीच चिठ्ठी कोरी नसली, तर शिबिर उत्तम झालं. एखाद्याचं नाव कुणीच लिहिलं नसेल, तर पुढच्या वर्षीच्या गटवाटपाची टिपणं त्याच्यापासून सुरू करा.

परतल्यावर

जिवलग व्हायला लागणारे उरलेले शंभरेक तास शिबिराबाहेर जायचे असतात आणि ते आयोजकांच्या हातात नाहीत. तरी दोन गोष्टी कराव्यात. एक म्हणजे भेटीची तारीख निरोपाच्या दिवशीच जाहीर करा, साधारण पाच-सहा आठवड्यांनंतरची, आणि तिला काहीतरी अर्धवट काम जोडून ठेवा: भित्तिपत्रक पुरं करणं, काढलेले फोटो निवडणं, पायवाटेचा नकाशा नीट रेखाटणं. नुसत्या 'भेटूया' वर अर्धी मुलं येत नाहीत, अर्ध्या कामासाठी येतात. दुसरी म्हणजे संपर्काची यादी पालकांच्या संमतीने आणि ऐच्छिक ठेवा. मुलांनी फोनवर गट केला, तर त्यात ताई-दादांनी शिरू नये आणि शिबिराच्या जाहिराती तर अजिबात टाकू नयेत.